लेसरच्या रेघेत घडणारे टायटॅनियम : प्रस्तावना

धातुकामाची जुनी रीत अशी की, आधी धातू सिद्ध होतो आणि मग त्याची वस्तू होते. टायटॅनियमची सळई कारखान्यात येते ती आपल्या ताणबलाचा, रासायनिक घटकांचा आणि उष्मोपचाराचा दाखला सोबत घेऊन. तिला लेथवर कातणारा किंवा मिलिंग यंत्रावर कोरणारा कारागीर तिचा आकार बदलतो, पण तिच्या अंगचे बळ त्याच्या हाती येण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. थरावर थर रचून वस्तू उभी करणाऱ्या पद्धतीने, म्हणजे व्यवहारात ज्याला थ्रीडी प्रिंटिंग आणि उद्योगात ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग म्हणतात त्या पद्धतीने, हा क्रमच मोडला आहे. येथे वस्तू आणि तिचा धातू एकाच क्षणी जन्माला येतात, आणि त्या क्षणावर सत्ता असते ती लेसरची शक्ती, त्याचा वेग, त्याच्या दोन रेघांमधील अंतर आणि पावडरीच्या थराची जाडी या चार आकड्यांची. म्हणूनच ‘छापलेल्या टायटॅनियमचे बळ किती?’ हा प्रश्न, कोणत्या सेटिंगवर छापलेले हे सांगितल्यावाचून, अपुरा राहतो. या ग्रंथाचा विषय त्या अपुरेपणातून निघालेला आहे.

प्रथम धातूविषयी थोडे. कॉर्नवॉलमधील काळ्या वाळूत १७९१ मध्ये विल्यम ग्रेगर यांना हे मूलद्रव्य आढळले आणि १७९५ मध्ये मार्टिन क्लाप्रोथ यांनी त्याला टायटॅनियम हे नाव दिले. परंतु उद्योगाच्या हाती ते पडले ते धातू वेगळा काढण्याच्या विल्यम क्रॉल यांच्या पद्धतीनंतर, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांनी. खनिज दुर्मीळ होते म्हणून हा उशीर झाला नाही. इल्मेनाइट हे त्याचे खनिज रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही सापडते. उशीर झाला तो टायटॅनियमच्या ऑक्सिजनवरील ओढीमुळे, कारण तापलेले टायटॅनियम ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेते आणि ठिसूळ होते. हीच ओढ पुढे लेसर यंत्राच्या बंद कक्षातही आडवी येते.

या ग्रंथात टायटॅनियम म्हणून ज्याची चर्चा आहे तो बहुतेक ठिकाणी एकच मिश्रधातू आहे : सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला, कारखान्यात ‘सिक्स-फोर’ या नावाने ओळखला जाणारा. विमानाच्या सांगाड्यापासून कंबरेच्या कृत्रिम सांध्यापर्यंत तो सर्वत्र आहे. त्याची घनता प्रति घन सेंटिमीटर ४.४३ ग्रॅम, म्हणजे पोलादाच्या जेमतेम साठ टक्के, आणि गंजाला तो सहसा दाद देत नाही. मात्र उष्णता वाहून नेण्यात तो फार मंद आहे. सामान्य पोलादाची उष्णतावाहकता त्याच्या कितीतरी पट असते, त्यामुळे त्याला कापताना उष्णता कीसासोबत निघून न जाता हत्याराच्या धारेवरच साचते आणि धार लवकर मरते. महागड्या ठोकळ्याचा मोठा भाग कीस होऊन जावा आणि तोही हत्यारे झिजवत, या दुहेरी तोट्यामुळेच विमान उद्योगाचे लक्ष थर रचण्याच्या पद्धतीकडे वळले. एअरबसने २०१७ मध्ये ए-३५० या प्रवासी विमानाच्या मालिका-उत्पादनात छापलेला टायटॅनियमचा कंस बसवला, तो याच विचाराचा परिपाक होता.

लेसरने पावडर वितळवण्याची धातूंसाठीची पद्धत जर्मनीतील आखेनच्या फ्राउनहोफर लेसर तंत्रज्ञान संस्थेत १९९० च्या दशकाच्या मध्यास आकाराला आली. तिची कृती सांगायला सोपी आहे. आर्गॉन वायूने भरलेल्या कक्षात एका जाड पत्र्यावर, ज्याला बिल्ड प्लेट म्हणतात, टायटॅनियमच्या गोल कणांची पावडर पात्याने सारखी पसरली जाते. लेसर त्या थरावर वस्तूचा त्या उंचीवरील छेद रेघारेघांनी गिरवतो. प्लेट एका थराइतकी खाली जाते. पुन्हा पावडर, पुन्हा लेसर. आकडे पाहिले की या साध्या कृतीतील ताण कळतो. एका प्रचलित सेटिंगमध्ये लेसरची शक्ती २८० वॅट, वेग सेकंदाला १२०० मिलिमीटर, दोन रेघांमधील अंतर ०.१४ मिलिमीटर आणि थराची जाडी ०.०३ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी, असते. या हिशेबाने एक घन सेंटिमीटर टायटॅनियम घडवायला लेसरला सुमारे २३८ मीटर लांबीची रेघ ओढावी लागते, आणि लेसरचा ठिपका ०.१ मिलिमीटर व्यासाचा धरला तर त्या रेघेवरील कोणत्याही एका बिंदूवर तो एका सेकंदाचा सुमारे बारा हजारावा भाग थांबतो. तेवढ्या वेळात पावडर वितळायची, खालच्या घट्ट थरात मुरायची, शेजारच्या रेघेला जोडली जायची आणि पाठोपाठ गोठायचीही. सुपारीएवढ्या तुकड्यात असे शेकडो मीटर सांधकाम असते आणि त्यातल्या एका मिलिमीटरचीही चूक आत तशीच कोंडली जाते.

या चार आकड्यांना एकाच आकड्यात गुंडाळण्याचा मोह अभ्यासकांना फार लवकर पडला. शक्तीला वेग, रेघांतील अंतर आणि थराची जाडी यांच्या गुणाकाराने भागले की प्रति घन मिलिमीटर किती ज्यूल ऊर्जा पडली ते निघते. वरील सेटिंगसाठी हे उत्तर ५५.६ ज्यूल येते. हा आकडा ‘घनफळी ऊर्जा घनता’ या नावाने शेकडो शोधनिबंधांत वावरतो आणि पहिल्या अंदाजासाठी त्याचा उपयोगही आहे, परंतु त्याच्यावर जेवढा विश्वास टाकला गेला तेवढ्याला तो पात्र नाही. शक्ती निम्मी करून १४० वॅट आणि वेगही निम्मा करून ६०० मिलिमीटर केला तर सूत्र पुन्हा ५५.६ हेच उत्तर देते; प्रत्यक्षात मात्र धातूला दोन अगदी वेगळे अनुभव येतात. पहिल्या वेळी उष्णता एकदम आणि खोलवर घुसते, दुसऱ्या वेळी ती सावकाश पडते, आजूबाजूला पाझरायला तिला दुप्पट अवधी मिळतो आणि वितळलेले कुंड उथळ राहते. शिवाय लेसरचा ठिपका किती मोठा, तो पृष्ठभागावर नेमका केंद्रित आहे की थोडा वरखाली, याची या सूत्रात दखलच नाही. सूत्र सोपे असल्यामुळे ते टिकले, आणि ज्यांनी केवळ ऊर्जा घनता नोंदवून मूळ चार आकडे गाळले, त्यांचे प्रयोग आज कोणालाही पुन्हा करून पाहता येत नाहीत. या शाखेचे हे खरे नुकसान आहे.

लेसरच्या सेटिंगची चूक सर्वांत आधी दिसते ती पोकळ्यांच्या रूपात, आणि पोकळ्यांची जात पाहून चूक कोणत्या दिशेची होती ते ओळखता येते. ऊर्जा कमी पडली तर एका रेघेचे कुंड शेजारच्या रेघेला आणि खालच्या थराला पुरते भिडत नाही. कौलारू छपरावर प्रत्येक कौलाचा खालच्या कौलावर पुरेसा चढ असावा लागतो, तो कमी पडला की कौल शाबूत असूनही छप्पर गळते; तसेच येथे आहे. कुंडाची रुंदी रेघांमधील अंतराहून आणि त्याची खोली थराच्या जाडीहून नुसती जास्त असून भागत नाही, तर दोन गोल बुडाच्या कुंडांच्या मधली बेचकी जिथे उरते तिथपर्यंत वितळण पोहोचावी लागते. ती पोहोचली नाही तर वेड्यावाकड्या, चपट्या, अणकुचीदार कडांच्या फटी राहतात. तुटलेल्या नमुन्याचे भंग-पृष्ठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर अशा फटीत पावडरीचा अख्खा कण जसाच्या तसा बसलेला दिसतो, लाह्यांत न फुटलेला दाणा राहावा तसा. या फटी थराला समांतर पसरतात, म्हणून उभ्या दिशेने ताण पडला की त्या सर्वांत घातक ठरतात. आडव्या छापलेल्या आणि उभ्या छापलेल्या नमुन्यांच्या तन्यतेत, म्हणजे तुटण्याआधी ताणले जाण्याच्या क्षमतेत, जी तफावत आढळते तिचे एक कारण हेच आहे.

ऊर्जा जास्त झाली तर घडते ते अधिक विलक्षण आहे. लेसरखालचा धातू उकळू लागतो, त्याची वाफ द्रवाला खाली दाबते आणि कुंडाच्या पोटात एक अरुंद, खोल विवर तयार होते. वेल्डिंगच्या परिभाषेत त्याला कीहोल म्हणतात. विवराच्या भिंतींवर लेसर पुन्हा पुन्हा परावर्तित होत आत शिरतो, म्हणून सपाट पृष्ठभागापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा शोषली जाते आणि विवर आणखी खोल जाते. त्याचे तळटोक अस्थिर झाले की ते तुटते, आणि तुटलेला बुडबुडा गोठणाऱ्या धातूत अडकून गोलसर पोकळी मागे राहते. हे सारे दीर्घकाळ गोठलेल्या नमुन्यांवरून अनुमानाने सांगितले जात होते. शिकागोजवळील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या तीव्र क्ष-किरण स्रोतापुढे अमेरिकी संशोधकांनी सिक्स-फोरची पावडर वितळवली आणि धातूच्या पोटातले विवर चालू अवस्थेत पाहिले, तेव्हा अनुमानाची जागा दर्शनाने घेतली. ‘सायन्स’ नियतकालिकात २०१९ मध्ये आलेल्या त्या कामाने दाखवले की नेहमीच्या वापरातील शक्ती आणि वेग यांवरही विवर जवळजवळ सर्वत्र असतेच. २०२० मधील पुढच्या कामाने दाखवले की विवर असणे हा दोष नसून त्याचे अस्थिर होणे हा दोष आहे, आणि शक्ती-वेगाच्या नकाशावर त्या अस्थिरतेची सीमा अंधुक पट्ट्यासारखी नसून स्पष्ट रेषेसारखी आहे. ही रेषा ठाऊक असणे आणि नसणे यांत सुरक्षित सेटिंग निवडणे आणि नशिबावर हवाला ठेवणे एवढे अंतर आहे.

नकाशावर सेटिंग बरोबर असूनही वस्तूच्या काही जागी ते चुकते, हा मुद्दा बाहेरून पाहणाऱ्याला सहसा सुचत नाही. लेसर रेघेच्या टोकाला वळतो तेव्हा त्याला वळवणारे आरसे क्षणभर मंदावतात; शक्ती तेवढीच राहिली तर त्या ठिकाणी ऊर्जा साचते, विवर खोल जाते आणि पोकळ्यांची माळ वस्तूच्या कडेलगत, अगदी पृष्ठभागाखाली, तयार होते. थकव्याच्या, म्हणजे लाखो वेळा कमी-जास्त होणाऱ्या भाराखाली तडा वाढत जाण्याच्या, दृष्टीने याहून वाईट जागा नाही. म्हणून चांगल्या यंत्रांत वळणाच्या वेळी लेसर बंद ठेवला जातो किंवा त्याची शक्ती वेगाबरोबर उतरवली जाते. तसेच अधांतरी भागाखाली घट्ट धातूऐवजी सुटी पावडर असते आणि ती उष्णता जवळजवळ वाहूच देत नाही; तेथे घट्ट भागासाठीचे सेटिंग वापरले तर धातू अति तापून खाली लोंबतो. एका वस्तूला एक सेटिंग पुरत नाही. गाभ्याला एक, कडेला दुसरे आणि अधांतरी तळाला तिसरे असे संच द्यावे लागतात.

पोकळ्या पूर्ण टाळल्या तरी धातूची अंतर्गत घडण उरतेच, आणि या ग्रंथाचा सर्वांत मोठा भाग तिला दिला आहे हे योग्यच झाले. सिक्स-फोर सुमारे ९९५ अंश सेल्सिअसच्या वर पूर्णपणे ‘बीटा’ या रचनेत असतो. सावकाश थंड झाला तर त्यातून मऊ-चिवट ‘अल्फा’ पट्ट्या वेगळ्या होतात आणि त्यांच्या दरम्यान थोडा बीटा उरतो. सेकंदाला चारशे अंशांहून अधिक वेगाने थंड केले तर अणूंना जागा बदलायला वेळच मिळत नाही आणि मार्टेन्साइट नावाची सुयांसारखी बारीक, कठीण रचना सगळीकडे पसरते. लेसरच्या कुंडात थंड होण्याचा वेग सेकंदाला लक्ष अंशांच्या घरात असतो. परिणामी यंत्रातून नुकताच बाहेर आलेला भाग घडाई केलेल्या भागापेक्षा बलवान असतो; त्याचे ताणबल बहुधा १२०० मेगापास्कलच्या आसपास भरते, पण तो तुटण्याआधी अनेकदा दहा टक्केही ताणला जात नाही. नव्या माणसाला पहिला आकडा आनंद देतो. ज्याला तो भाग विमानात बसवायचा आहे त्याची झोप दुसरा आकडा उडवतो.

मार्टेन्साइट अटळ आहे का? बरीच वर्षे अटळ मानले गेले आणि भट्टीतला उष्मोपचार हाच उपाय समजला गेला. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातील गटाने २०१५ मध्ये थराची जाडी, लेसरचे केंद्र आणि ऊर्जा यांचा मेळ असा बसवला की वरचे थर छापले जात असताना खालचे थर पुरेसे तापलेले राहिले आणि मार्टेन्साइट यंत्रातच विघटित होऊन अतिसूक्ष्म अल्फा-बीटा पट्ट्या तयार झाल्या. त्या धातूची प्रवाहसीमा, म्हणजे ज्या ताणाला तो कायमचा वाकू लागतो ती मर्यादा, ११०० मेगापास्कलच्या वर होती आणि तरीही तो ११.४ टक्के ताणला गेला. या प्रयोगाचे मोल केवळ आकड्यांत नाही. लेसरचे सेटिंग हे पोकळ्या टाळण्यापुरते साधन नसून उष्मोपचाराचेही साधन होऊ शकते, हे त्याने सिद्ध केले. लेसरऐवजी इलेक्ट्रॉन शलाका वापरणाऱ्या यंत्रात पावडरीचा थर सहाशे-सातशे अंशांवर तापवून ठेवलेला असतो आणि तिथे अल्फा-बीटा रचना आपसूक मिळते. लेसरला ती कष्टाने मिळवावी लागते.

उभ्या दिशेने वाढत जाणाऱ्या बीटा कणांचे स्तंभ, थरामागून थर ओलांडत गेलेले, हाही याच घडणीचा भाग आहे. प्रत्येक नवे कुंड खालच्या कणावरच रुजते आणि उष्णता खाली वाहत असल्यामुळे कण वर वाढतात. रेघांची दिशा दर थराला ६७ अंशांनी फिरवण्याची प्रथा या वाढीला काहीसा अडथळा घालते. ६७ आणि ३६० यांना सामाईक भाजक नसल्यामुळे तीच दिशा पुन्हा यायला ३६० थर लागतात. त्याच फिरवण्याने अवशिष्ट ताण, म्हणजे असमान थंड होण्याने धातूत कोंडलेली ओढ, एका दिशेला साचत नाही. हा ताण इतका असतो की न शमवलेला भाग प्लेटवरून कापताच वाकतो, कधी छपाई चालू असतानाच आधारासाठी छापलेले सपोर्ट तोडून उचलला जातो आणि पात्याला आदळतो.

थकवा हा टायटॅनियमच्या भागांचा खरा परीक्षक आहे, आणि त्याच्यापुढे गाभ्याच्या घडणीपेक्षा पृष्ठभाग अधिक बोलतो. कडेच्या रेघेला अर्धवट चिकटलेले पावडरीचे कण आणि थरांच्या पायऱ्या यांपासून तडा सुरू होतो; छापला तसाच ठेवलेला पृष्ठभाग यंत्रावर गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागाच्या मानाने अनेकदा निम्म्याच थकवा-बळाला टिकतो. म्हणून विमानाचा अभियंता तो पृष्ठभाग खरवडून काढतो. हाडात बसवायच्या सांध्याच्या पेल्याला मात्र खडबडीत, सच्छिद्र पृष्ठभागच हवा असतो, कारण त्यात हाड वाढून घट्ट धरते. गुण आणि दोष वापराने ठरतात, सेटिंगही त्यानेच ठरले पाहिजे.

लेसरने जे बिघडवले ते भट्टी दुरुस्त करील, हा समज उद्योगात फार खोल आहे. सुमारे ९२० अंशांवर आणि १०० मेगापास्कलच्या वायुदाबाखाली भाग दोन तास ठेवण्याची, हिप या नावाने ओळखली जाणारी, प्रक्रिया खरोखर बहुतेक आतल्या पोकळ्या मिटवते, मार्टेन्साइट मोडते आणि तन्यता वाढवते. तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु पृष्ठभागापर्यंत उघडी असलेली फट ती मिटवू शकत नाही, कारण दाबणारा वायूच तीत शिरतो. पोकळीत अडकलेला आर्गॉन दाबाखाली आकसतो, नाहीसा होत नाही, आणि पुढे भाग पुन्हा खूप तापवला तर पोकळी परत फुगू शकते. बीटाचे जुने स्तंभही ९९५ अंशांच्या खाली जिथल्या तिथे राहतात. शोषलेला ऑक्सिजन तर कोणतीच भट्टी बाहेर काढत नाही. हिप हा बऱ्या सेटिंगचा साथीदार आहे, वाईट सेटिंगवरचा उतारा नाही.

या मिश्रधातूच्या छापलेल्या भागांसाठी अमेरिकेचे एएसटीएम एफ-२९२४ हे मानक आहे. ते किमान ८९५ मेगापास्कल ताणबल, ८२५ मेगापास्कल प्रवाहसीमा आणि १० टक्के तन्यता मागते. तेथे पोहोचण्यासाठी कोणती शक्ती आणि कोणता वेग वापरावा हे ते सांगत नाही, आणि यंत्रागणिक ते वेगळे असल्यामुळे सांगूही शकत नाही. यंत्र बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या आपले सेटिंगचे संच बंद ठेवतात, हेही व्यापाराच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. त्यामुळे जबाबदारी वाचकावर आणि वापरणाऱ्यावर येते. मराठी वाचकांत आज यंत्रशाळांतले तंत्रज्ञ आहेत, अस्थिशल्यचिकित्सक आहेत, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत. त्यांच्यापुढे छापलेल्या टायटॅनियमच्या बळाचा आकडा येईल तेव्हा त्यांनी शक्ती, वेग, रेघांतील अंतर, थराची जाडी, छपाईची दिशा, पृष्ठभागाची अवस्था आणि नंतरचा उष्मोपचार या सात गोष्टी विचाराव्यात, आणि ज्या अहवालात त्या नाहीत त्याच्या भरवशावर कोणताही भाग बसवू नये.